प्रहाराचा दाखला
विश्व तायक्वांदो संघटनेच्या अध्यक्षांस खुले पत्र

मा. अध्यक्ष,
विश्व तायक्वांदो संघटना, सेऊल
यांचे सेवेशी,



दोनशेहून अधिक देशांचा कारभार ज्या कचेरीतून चालतो, त्या कचेरीच्या दप्तरात सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या सभागृहातील बाके भिंतीला लावून रोज सायंकाळी मुलामुलींना तायक्वांदो शिकवणाऱ्या माणसाचा अर्ज रुजू होईल की नाही, आणि झालाच तर तो कोणाच्या हाती पडेल, याची खात्री नसल्यामुळे हे पत्र मी खुले लिहीत आहे. माझा कज्जा कोणा व्यक्तीशी नाही. गेली तीस वर्षे ज्या विद्येने माझे दिवस भरून टाकले, तिच्या मर्मस्थानी आपल्या नियमावलीमुळे जो क्षय सुरू झाला आहे, तो आपल्या नजरेस आणून देणे एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. मागच्या पावसाळ्यात एका स्पर्धेत माझी एक विद्यार्थिनी 46 किलोंखालील गटात खेळत होती. अंगाने काटक, उंचीने कमी, आणि स्वभावाने अबोल अशी ही पंधरा वर्षांची मुलगी गेली चार वर्षे एकच लाथ घासून पुसून लखलखीत करीत आली आहे : पाठ वळवून, खांद्यावरून मागे नजर टाकून, गुडघा पोटाशी घेऊन टाच सरळ रेषेत सोडायची, जिला आपण कोरियन भाषेत त्वी चागी आणि आमची मुले बॅक किक म्हणतात, ती. समोरची मुलगी उंच होती. पुढचा पाय अधांतरी धरून ती माझ्या विद्यार्थिनीला दाराशी काठी आडवी धरल्यासारखी बाहेर ठेवीत होती. शेवटच्या फेरीत तो पाय क्षणभर खाली आला, आणि त्या एका क्षणात माझी मुलगी वळली. पावसाने जड झालेल्या हवेत त्या कवचावर जो आवाज झाला, तो सभागृहाच्या पत्र्याखाली बसलेल्या सर्वांनी ऐकला. उंच मुलगी अडीच पावले मागे गेली, तिच्या तोंडून श्वास निघून गेला, आणि ती चटईवर बसली. पंचांनी हात वर करून कोरियन अंक मोजण्यास आरंभ केला. ते आठपर्यंत मोजून थांबले, मुलीची विचारपूस केली, आणि लढत पुढे चालू केली. या सर्व काळात गुणफलकावरचा आकडा हलला नाही. नंतर दोघी एकमेकींना बिलगून उभ्या असता उंच मुलीने आपले पाऊल बाहेरून वळवून, बोटांच्या टोकाने, पाठीला खाज सुटल्यावर आपण हात नेतो तसे कवचाच्या कडेला लावले. फलकावर दोन गुण उमटले, आणि त्या दोन गुणांवर लढत गेली.

मी दाद मागू शकलो नाही, कारण धडावरील लाथेचा हिशेब यंत्राच्या हवाली असून त्याविरुद्ध चित्रफीत पाहण्याची मागणी करण्याचा अधिकार प्रशिक्षकास नाही. यंत्र बिघडलेले नव्हते. लढतीनंतर तंत्रज्ञांनी ते तपासून दाखवले, आणि आयोजकांनी जे केले ते सर्व कायदेशीर होते. पायमोज्यात ठिकठिकाणी शिवलेले चुंबक आणि कवचातील संवेदक यांची गाठ ज्या कोनातून पडावी लागते, त्या कोनातून टाच पडली नव्हती, इतकेच. परत येताना एस.टी.त खिडकीशी बसलेली ती मुलगी कऱ्हाड मागे पडेपर्यंत काही बोलली नाही. मग तिने विचारले, "सर, तिला लागलं हे पंचांनी आठपर्यंत मोजलं ना? मग गुण कोणी का नाही मोजला?"

अध्यक्षमहोदय, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. ते आपल्यापाशी असावे, या समजुतीने मी तो आपल्यापुढे ठेवीत आहे. पण तो नीट समजावा म्हणून थोडे मागे जाणे प्राप्त आहे.

जपानी अंमल 1945 साली संपल्यावर सेऊलमध्ये ज्या निरनिराळ्या क्वान, म्हणजे आमच्या भाषेत तालमी, उभ्या राहिल्या, त्यांच्यापैकी कित्येकांचे संस्थापक जपानमध्ये शोतोकान कराटे शिकून आलेले होते, हे आपणांस मी सांगावे असे नाही. त्या कराटेचा दंडक असा, की प्रहार पूर्ण वेगाने निघावा आणि देहापासून बोटभर अंतरावर थांबावा. प्रहार थांबवता येणे हीच प्रभुत्वाची खूण. हा दंडक थोर आहे, त्यामागे संयमाचे एक संपूर्ण तत्त्वज्ञान आहे, आणि मी त्याचा अनादर करीत नाही. परंतु 1955 साली ज्या विद्येला तायक्वांदो हे नाव मिळाले, तिच्या लढतीला पुढच्या दशकात जे रूप आले, त्याने हा दंडक जाणीवपूर्वक बाजूस सारला. धडावर कवच चढवले आणि प्रहार थांबवू नका, तो पोहोचू द्या, असे सांगितले. कवच अंगावर आले ते प्रहार सौम्य करण्यासाठी नव्हे. प्रहार पूर्ण करता यावा, आणि तरी समोरचा माणूस सायंकाळी आपल्या पायांनी घरी जावा, यासाठी आले. 1972 साली तायक्वांदोच्या मुख्यालयाची, म्हणजे कुक्कीवनची, वास्तू उभी राहिली, 1973 च्या मे महिन्यात तेथेच पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि आपली संघटना स्थापन झाली, तेव्हा या पूर्ण-संपर्क लढतीला जगाच्या क्रीडाविश्वात जे स्थान मागायचे होते, त्याची सनद याच एका गोष्टीत होती.

या सनदेबरोबर एक तहनामाही होता, आणि माझ्या मते आपल्या खेळाचे सारे वैभव त्या तहनाम्यात आहे. हाताने डोक्यावर मारायचे नाही. कमरेखाली लाथ मारायची नाही. धरायचे नाही, पाडायचे नाही, गुडघा-कोपर वापरायचे नाही. बाहेरचा माणूस ही यादी वाचतो आणि म्हणतो, की मग उरले काय? उरते ते असे, की मांडीवरची आडवी लाथ आणि चेहऱ्यावरचा ठोसा या दोन्हींची भीती दूर झाल्यामुळे माणसाला पाठ फिरवण्याची, एका पायावर गिरकी घेण्याची, जमीन सोडण्याची मुभा मिळते, आणि जे पाय एरवी केवळ देहाचा भार वाहतात त्यांच्यातून हातांनाही न साधणारे चापल्य प्रकट होते. मुष्टियुद्धाने लाथ वर्ज्य केली म्हणून मुठीची विद्या इतकी सूक्ष्म झाली. तायक्वांदोने पुष्कळ काही वर्ज्य केले म्हणून लाथेची विद्या या उंचीला गेली. निषेधातून मशागत होते, ती अशी. मात्र या तहनाम्याची एक अट होती, ती इतकी उघड होती की बहुधा कोणी ती स्वतंत्र कलम म्हणून लिहिण्याची तसदी घेतली नसेल : इतके सर्व सोडून देऊन जी एक लाथ आपण ठेवली, ती खरी असली पाहिजे.

ती खरी होती आणि मोक्याच्या वेळी अजूनही असते, याचा दाखला मला वेगळ्याच खेळातून द्यावासा वाटतो. टोकियो येथे 2021 च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिकमधील कराटेच्या सर्वांत वजनदार गटाची अंतिम लढत झाली. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी 4–1 असा पुढे असता त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर बसली, आणि गंजजादेह बेशुद्ध पडला. अतिरिक्त संपर्काबद्दल हमेदी अपात्र ठरला. ज्याला झोळीवरून बाहेर नेले, त्याला शुद्धीवर आल्यावर आपण सुवर्णपदक जिंकले असे कळले. कराटेच्या कायद्याप्रमाणे हा निकाल निर्दोष होता, आणि त्या पंचांच्या जागी मी असतो तर मीही तोच दिला असता. पण त्याच लाथेने आपल्या चटईवर हमेदी जिंकला असता. हे दोन्ही खेळ पांढरा पोशाख, रंगीत पट्टा आणि नमस्कार यांमुळे सामान्य प्रेक्षकाला सख्खी भावंडे वाटतात. त्यांच्यामधली सीमारेषा नेमकी कोठून जाते, हे त्या एका लाथेने जितके दाखवले तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दाखवले नसेल. तिकडे प्रहार रोखणे ही कसोटी, इकडे प्रहार पोहोचणे ही कसोटी. मग इकडे प्रहाराऐवजी स्पर्शच मोजायचा असेल, तर आपण तिकडचेही राहत नाही आणि इकडचेही.

इतर युद्धक्रीडांशी आपली तुलना करताना लोक बहुधा थाई मुष्टियुद्धाचे किंवा पिंजऱ्यातील मिश्र युद्धाचे नाव घेतात, आणि तेथे जे चालते तेच खरे, बाकी नृत्य, असा फैसला देऊन मोकळे होतात. हा फैसला मला मान्य नाही. क्योकुशिन कराटेही पूर्ण संपर्काचे; तेथेही डोक्यावर हात चालवण्यास मनाई आहे आणि लाथेस मुभा आहे, तरी उघड्या मुठींनी छाती-बरगड्या फोडून काढणारे ते योद्धे खोटे आहेत असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. ज्यांना पिंजऱ्यातलाच पुरावा हवा, त्यांनी अँथनी पेटिसला पाहावे. लहानपणापासून तायक्वांदोत वाढलेल्या या माणसाने 2010 च्या डिसेंबरात, विजेतेपदाच्या लढतीच्या शेवटच्या फेरीत, पिंजऱ्याच्या जाळीवर पाय रोवून, हवेतच वळून बेन्सन हेंडरसनच्या चेहऱ्यावर जी लाथ मारली, ती कोणत्याही थाई आखाड्यात शिकवली जात नाही. पिंजऱ्यातच लढणाऱ्या व्हॅलेंटिना शेवचेन्को हिचा आरंभही पाचव्या वर्षी तायक्वांदोनेच झाला. त्यांना पुढे मूठ शिकावी लागली, पकड शिकावी लागली, हे खरे; पण मुष्टियोद्ध्यालाही तेथे जाऊन लाथ शिकावी लागते, आणि त्यावरून मुष्टियुद्ध खोटे ठरत नाही. युद्धक्रीडांच्या दरबारात प्रत्येकाची एकेक मनसब असते. आपली मनसब कमरेवरच्या, दूरवरून येणाऱ्या, वळणाऱ्या, पूर्ण जोराच्या लाथेची आहे. ती कोणी हिरावून घेऊ शकत नाही. आपण स्वतः सोडली तरच ती जाईल.

आता यंत्राविषयी. ते का आले, हे मी जाणतो, आणि त्याच्या आगमनाला मी त्या वेळी मनापासून अनुकूल होतो. 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या साराह स्टीव्हनसनने शेवटच्या क्षणांत चेन झोंगच्या डोक्यावर मारलेली लाथ पंचांनी नोंदवलीच नाही, चेन विजयी म्हणून घोषित झाली, आणि तक्रारीनंतर तो निकाल फिरवावा लागला. दोन सुवर्णपदके मिळवलेल्या खेळाडूला आपल्याच देशाच्या प्रेक्षकांसमोर असे परत जावे लागले, हा तिचाही अपमान होता. त्याच स्पर्धेत क्यूबाच्या आंहेल मातोसने पंचाच्या चेहऱ्यावर लाथ मारली आणि त्यास आजन्म बंदी झाली. अशा वातावरणात ऑलिंपिकमधील स्थान टिकवायचे तर निकालावरचा संशय दूर केलाच पाहिजे, हे ओळखून 2012 साली लंडनला आपण विजेरी कवच आणले, 2016 साली रिओमध्ये शिरस्त्राणातही संवेदक बसवले, आणि चित्रफीत पाहून दाद मागण्याची सोय केली. त्यामुळे एक जुना अन्याय खरोखरच संपला. ज्या देशांना पंचांच्या खोलीत कोणी वाली नव्हता, त्यांचे खेळाडू वर आले. रिओमध्ये अखेरचा एक सेकंद उरला असता, 4–6 असा मागे असलेल्या चेक सल्ला सिसेने गिरकी घेऊन लुटालो मुहम्मदच्या डोक्यावर लाथ मारली आणि आयव्हरी कोस्टला त्याच्या इतिहासातील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, ती लढत मी मुलांना दरवर्षी दाखवतो. जॉर्डनचे पहिले ऑलिंपिक पदक याच स्पर्धेत अहमद अबूघौशने मिळवले, तेही सुवर्ण.

हे सर्व जमेच्या बाजूला आहे. पण खर्चाच्या बाजूला काय आहे, तेही मांडले पाहिजे.

यंत्र येण्यापूर्वी मी अनेक वर्षे कोपऱ्यातील पंच म्हणून बसलो आहे. हातात दोन कळा असत, एक लाल, एक निळी; दुसऱ्या पंचांबरोबर सेकंदाच्या आत कळ दाबली गेली तरच गुण धरला जाई. आम्हांला जी कसोटी शिकवली होती तिला थरथर असे म्हणता येईल : प्रहाराने समोरचा देह हादरला पाहिजे, आपल्या जागेवरून सरकला पाहिजे. त्यासाठी कान आणि डोळे दोन्ही लागत. कवचाच्या मधोमध बसलेल्या लाथेचा आवाज भरीव असतो, कडेवर घसरलेल्या लाथेचा फटकन् पोकळ. आणि तो भरीव आवाज येताना समोरच्याचा मागचा पाय चटईवरून उचलला जातो का, हे पाहायचे असते. आमच्याकडून चुका झाल्या. कधी कळ उशिरा दाबली, कधी पाठमोरा खेळाडू आड आला. पण आम्ही जे मोजत होतो ते मोजण्याजोगे होते. आज यंत्र अचूक मोजते, आणि जे मोजते ते मोजण्याजोगे राहिलेले नाही. प्रत्येक वजनगटासाठी जोराची एक किमान पातळी ठरवलेली असते हे मला ठाऊक आहे; परंतु ती पातळी ओलांडली न ओलांडली, एवढेच यंत्र सांगते, आणि ती ओलांडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, याचा शोध खेळाडूंनी आणि, खेदाने म्हणावे लागते, आम्हां प्रशिक्षकांनी लावला आहे. पुढचा पाय हवेत तरंगता ठेवायचा, त्याने समोरच्याची लाथ अडवायची आणि संधी सापडताच चुंबक कवचाला टेकवायचा. जगभरचे प्रशिक्षक याला पायांची तलवारबाजी म्हणतात.

हे नाव ज्याने दिले त्याने नकळत रोगाचे निदानच केले. तलवारबाजीत एपे या प्रकारासाठी विजेरी गुणांकन 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकला आले, फॉइल या प्रकारासाठी 1956 साली मेलबर्नला. आणि ते तेथे शोभले, कारण तलवारीचे टोक देहाला लागणे हाच तलवारीचा पूर्ण अर्थ आहे. धारदार शस्त्राचा स्पर्श आणि प्रहार यांत अंतर नसते. पायाला धार नाही. पायाचा स्पर्श म्हणजे काहीच नव्हे. त्याच्यामागे नितंबाचे वळण, टेकलेल्या पायाची फिरकी आणि सबंध देहाचे वजन आले, तरच त्याला अर्थ प्राप्त होतो. तलवारीचे माप लाथेला लावणे ही मूळची चूक, आणि तिच्यावर नंतर कितीही डागडुजी केली तरी भिंत सरळ उभी राहत नाही. शिवाय ज्यांच्याकडून हे माप आले, त्यांनीही ते डोळे मिटून वापरले नाही. फॉइलमध्ये पाते वाकवून पाठीवर टोक टेकवण्याची युक्ती बोकाळली, तेव्हा त्यांच्या जागतिक संघटनेने 2005 च्या सुमारास यंत्राचा स्पर्शकाळच वाढवला, जेणेकरून निसटता स्पर्श धरला जाणार नाही. त्यांनी यंत्राला विद्येच्या आज्ञेत ठेवले. आपल्याकडे विद्या यंत्राच्या आज्ञेत चालली आहे.

मुष्टियुद्धाचा दाखला तर याहून बोलका आहे, आणि तो आपल्याच शहरातून सुरू होतो. 1988 साली सेऊल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्स ज्युनियरविरुद्ध पार्क सी-हुनला विजयी ठरवले गेले, त्याची नाचक्की इतकी झाली की 1992 च्या बार्सिलोनापासून मुष्टियुद्धाने कळ दाबून गुण मोजणारे संगणक आणले. परिणाम काय झाला? हौशी मुष्टियोद्धे बरगड्यांवरचे ठोसे जवळजवळ विसरले, कारण पंचांना ते नीट दिसत नसत आणि म्हणून त्यांना गुण मिळत नसत. दूर उभे राहून हातमोज्याचा पांढरा भाग टेकवणारी एक वेगळीच कला निर्माण झाली, जिचा व्यावसायिक आखाड्यात काही उपयोग नव्हता. वीस वर्षांनी, 2013 साली, त्यांनी ती पद्धत टाकली आणि फेरीगणिक मानवी निर्णयाकडे ते परतले. परतल्यावर रिओमध्ये पुन्हा पक्षपाताचे गंभीर आरोप झाले, ते चौकशीत पुढे आले, आणि मुष्टियुद्धाच्या जागतिक संघटनेवर ऑलिंपिकच्या मान्यतेलाच मुकण्याची पाळी आली. म्हणजे माणसावर सोपवले तर पक्षपात, यंत्रावर सोपवले तर विद्येचा ऱ्हास. मी यातील कोणतीही बाजू सोपी म्हणून आपल्यासमोर ठेवीत नाही.

पण आपल्या नियमावलीतच एक तिसरी वाट अर्धी चालून झालेली आहे, तिकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. धडावरच्या मुठीचा एक गुण आजही यंत्र देत नाही. तो पंच कळ दाबून देतात. वळून मारलेल्या लाथेसाठी यंत्राने दिलेल्या गुणांत जे अधिक गुण मिळतात, ज्यामुळे 2018 पासून धडावरची वळती लाथ चार गुणांची आणि डोक्यावरची पाच गुणांची झाली, तेही पंचच देतात, कारण खेळाडू वळला की नाही हे कवचाला कळत नाही. याचा अर्थ असा, की मानवी दृष्टी आपण कधीच हद्दपार केलेली नाही. वळण पाहण्यास जी दृष्टी विश्वासार्ह आहे, ती थरथर पाहण्यास अविश्वासार्ह का मानावी? यंत्राने स्पर्श झाला एवढे सांगावे, आणि त्या स्पर्शाने देह हादरला असेल तर अधिकाचे गुण पंचांनी बहुमताने द्यावेत, अशी तजवीज केल्यास मूळ गुणावर पक्षपाताची सावली पडणार नाही आणि टेकलेल्या पावलाची व बसलेल्या लाथेची किंमत एक राहणार नाही. आणि ज्या लाथेवर पंच स्वतः आठपर्यंत मोजतो, त्या लाथेला यंत्राने मुके राहण्याचा अधिकारच असू नये. पंचांची मोजणी हा प्रहाराचा सर्वांत भक्कम दाखला आहे. तो मिळताच चित्रफीत पाहून गुण रुजू करावेत. डोक्यावरच्या लाथेबाबत आपण चित्रफितीचा दरवाजा उघडलाच आहे. धडाबाबत तो बंद का?

कोरियातच 2020 साली जो पॉवर तायक्वांदोचा प्रयोग झाला, ज्यात प्रत्येक खेळाडूच्या नावावर शक्तीचा साठा ठेवून प्रहाराच्या जोराप्रमाणे तो घटवत नेला, तो मी आवडीने पाहिला. त्याचे बाह्य रूप माझ्यासारख्या जुन्या माणसाला थोडे भडक वाटले, तरी जोर मोजता येतो आणि जोर मोजला की खेळाडू लगेच जोराने मारू लागतात, हे त्याने सिद्ध केले. उलट 2023 साली सिंगापूरला ऑलिंपिकच्या छत्राखाली जे आभासी तायक्वांदो खेळले गेले, ज्यात खेळाडू एकमेकांना शिवतही नाहीत, त्याला त्याचे स्थान असो. पण ते पाहताना माझ्या मनात आले, की धडावरचा जोर आपण असाच सोडत गेलो तर चटईवरचा खेळ आणि पडद्यावरचा खेळ यांत उरलेले अंतर फार नाही.

आईबापांची एक शंका येथे पुढे येईल, आणि ती मला रोज ऐकावी लागते : जोर वाढवला तर मुलांना इजा होईल. मी मुलांच्या आईबापांना जे सांगतो तेच येथे लिहितो. आजची पद्धत डोक्यावर पावलाचा हलका स्पर्श केला तरी तीन गुण देते. म्हणून मुले वारंवार डोक्याकडे पाय नेतात, आणि धड, जेथे जाड कवच आहे, जेथे माणूस प्रहार सोसण्यासाठी घडलेला आहे, ते दुय्यम झाले आहे. धडावरच्या दणकट लाथेला तिचे मोल परत दिले तर खेळ डोक्यावरून खाली, कवचाकडे येईल. माझी मुले कवचावर रोज पूर्ण जोराने मारतात आणि मार खातात. त्यात श्वास कोंडतो, बरगडी दुखते, क्वचित डोळ्यांत पाणी येते. पण मारणारा पुढे होऊन हात देतो, आणि मार खाल्लेला उठून त्याला वाकून नमस्कार करतो. हे मी असंख्य वेळा पाहिले आहे, आणि ज्या मुलाने पूर्ण जोराचा मार कधी खाल्लाच नाही, त्याच्या नमस्कारात ते वजन नसते.

एक बाब खर्चाची. आपण जॉर्डनमधील अझराकच्या निर्वासित छावणीत मुलांसाठी तायक्वांदोची शाळा उभारलीत, अफगाणिस्तानला त्याची आजवरची ऑलिंपिक पदके रोहुल्ला निकपाईने आपल्या खेळातच मिळवून दिली, याचा मला अभिमान वाटतो. कारण या खेळाला चटई आणि दोन पाय यांखेरीज फारसे काही लागत नाही, ही त्याची खरी श्रीमंती होती. विजेरी कवचांची जोडी, मोजे, ग्राहक यंत्र आणि संगणक ही सामग्री मात्र तालुक्याच्या वर्गाच्या आवाक्यात नाही. आमची मुले वर्षभर साध्या कवचावर लाथ घासतात, आणि स्पर्धेच्या दिवशी प्रथमच त्या यंत्राशी त्यांची गाठ पडते, तेव्हा त्यांना कळते की ती जी भाषा शिकून आली ती येथे बोलली जात नाही. शहरातल्या सधन वर्गांतील मुलांना यंत्राला काय आवडते हे पाठ असते. थरथरीचा निकष परत आला, तर साध्या कवचावर शिकलेली विद्या पुन्हा चलनात येईल.

आमच्या कऱ्हाडकडे, जेथल्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक आणले, अजूनही यात्रेच्या मैदानात निकाली कुस्ती होते : पाठ टेकली की निकाल, नाही तर रात्र पडेपर्यंत लढत. तेथील वस्ताद मंडळींना मॅटवरच्या गुणांच्या कुस्तीचे वावडे नाही. त्यांचीच मुले तेथे खेळतात. पण त्या गुणांच्या कुस्तीतही चितपट होताच सारे गुण बाजूला राहतात आणि कुस्ती तेथेच संपते, ही व्यवस्था कोणी मोडलेली नाही. जूदोनेही इप्पोन असेच जपले आहे : वेग, जोर, ताबा, आणि पाठ, हे सर्व पंचांच्या डोळ्यांनी पाहून दिलेला एक निर्णय. त्यांच्या खेळात एक क्षण असा राखून ठेवलेला आहे, की जो पाहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या खेळातला तो क्षण म्हणजे टाच कवचाच्या मधोमध बसून समोरचा अडीच पावले मागे जातो तो; आणि तोच आपल्या हिशेबात कोठे नाही.

ती मुलगी पुढच्या मोसमाच्या तयारीला लागली आहे. परवा वर्ग सुटल्यावर ती थांबली, आणि आपण बॅक किक सोडून पुढचा पाय हवेत धरण्याचा सराव सुरू करावा का, असे तिने विचारले. विचारताना ती भिंतीवर टांगलेल्या जुन्या कवचाकडे पाहत होती, ज्याची मधली शिवण तिच्याच टाचेने दोनदा उसवली आणि दोनदा तिच्या आईने दाभणाने शिवून दिली आहे. प्रशिक्षक म्हणून प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, आजच्या नियमांखाली तिला जिंकायचे असेल, तर 'होय' असे म्हणावे लागेल. मी तिला आठवडाभराने सांगतो असे म्हटले आहे. तिला काय सांगू, एवढे कृपा करून कळवावे.



आपला नम्र,
सातारा जिल्ह्यातील एक तायक्वांदो शिक्षक